प्रतिवादी: चौदा हजार तीनशे डॉलर

खटल्याचं नाव मला दोनदा वाचावं लागलं.
अमेरिका विरुद्ध चौदा हजार तीनशे डॉलर.
टोलेडोच्या कोर्टात पंधरा वर्षं मी दुभाषी.
नवऱ्यांसाठी बोलले, चोरांसाठी,
एकदा तर एका पुजाऱ्यासाठी.
नोटांसाठी कधी बोलले नव्हते.

इंदुमती बोंद्रे बाकावर बसलेल्या,
मोटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालून घालून
बोटांची टोकं गुळगुळीत.
"माझ्यावर आरोप काय?"
काही नाही बाई, तुमच्यावर काहीच नाही.
आरोप पैशांवर आहे.
त्या हसल्या. मी हसत नाही हे बघून थांबल्या.

घडलं ते इतकंच:
फिंडलेच्या अलीकडे, महामार्गावर, मागचा एक दिवा बंद.
ओस्टरमन नावाचा पोलीस, वागायला सभ्य,
डिकी बघू का म्हणाला.
नको म्हणता येतं हे बाईंना ठाऊक नव्हतं.
कापडी पिशवीत साबुदाण्याचा जुना डबा,
डब्यात रबर लावलेल्या विसाच्या गड्ड्या
आणि एक वही.
वहीत अकरा बायकांची नावं, नावांपुढे आकडे,
कुठे बरोबरची खूण, कुठे फुली.
त्याला काय वाटलं असेल ते मला कळतं.

भिशीला इंग्रजी शब्द नाही.
मी सांगितलं, तीन महिन्यांनी प्रत्येकजण तेराशे टाकते,
जिची चिठ्ठी निघेल तिला सगळे मिळतात.
न्यायाधीशांनी विचारलं, करार कुठे आहे?
"करार कशाला? रंजना येतेच की दर रविवारी."
जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं.
माझी शपथच तशी आहे.

जप्त झालं म्हणजे गेलं असं नव्हे,
वकील पुन्हा पुन्हा समजावत होता
(भाच्यानं शोधलेला, हप्त्यांवर;
आरोपी नोटा असल्या की सरकार वकील देत नाही).
मालकी अजून तुमची. ताबा आमचा.
पैसे स्वच्छ आहेत हे मात्र आता तुम्हीच दाखवायला हवं.
"म्हणजे सासूच्या कपाटातलं स्त्रीधन,"
बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.
हे भाषांतरासाठी नव्हतं. केलं नाही.

पैसे आरोपी, वही पुरावा.
आपल्या ठाण्यांत दोन्हींना एकच शब्द पुरतो, मुद्देमाल,
मुद्दाही त्यात आणि मालही.
इथे मुद्दा एका खोलीत, माल दुसऱ्या खोलीत,
दोघांना वेगवेगळे बारकोड.

जेवणाच्या सुट्टीत उर्दूची दुभाषी अस्मत भेटली, बीडची.
म्हणाली, आमच्यात ज़ब्त म्हणजे
आलेलं रडू आवरून धरणं.
मी डबा उघडला. पोळी गार झाली होती.

आठ महिन्यांनी तडजोड.
साडेनऊ हजार परत, उरलेले सरकारजमा.
नोटा दोषी की निर्दोष,
कागदावर कुठेच नव्हतं.
वहीचा तर उल्लेखही नाही.
वकिलाला ती वस्तू वाटलीच नव्हती.

खटला संपल्यावर पक्षकारांशी बोलू नये असा नियम आहे.
तरी मी फोन घेतला.
अकराजणी रंजनाकडे जमल्या होत्या,
कुणाची पाळी झाली, कुणाची राहिली,
दोघींना एकच मार्च महिना आठवत होता,
मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी चढ्या आवाजात.

वही परत मागायचा अर्ज असतो का?
असतो, म्हटलं.
वस्तूचं वर्णन लिहा, असं त्यात आहे. सांगा.

"निळी.
कोपऱ्याला तेल लागलंय.
सहाव्या पानावर वैजयंताच्या नावापुढे फुली आहे,
ती खोडायची राहिली.
तिनं नंतर दिले होते पैसे.
हे लिहाल ना?"

रकान्यात दोनच ओळी होत्या.
मी समासात लिहिलं.