रांजणाचा कान

मी बार्शीकडची, ज्वारीच्या रानात वाढलेली.
बदलीच्या कागदावर मांदाड वाचलं
तेव्हा नकाशावर बोट फिरवून दमले होते.
आता सहा वर्षं झाली. खाडीला भरती लागली
हे घड्याळाआधी मला वासावरून कळतं.

धडा सहावा. ग्रीक आणि रोमन संस्कृतींचा विकास.
पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं:
देश डोंगराळ, सपाट जमीन थोडी,
पिकतं ते पुरत नाही,
म्हणून माणसं समुद्रावर गेली.
शेवंती चुनेकरने हात वर केला,
"बाई, ह्या आपलाच हाय ना?"

नाही गं, ग्रीस.
"मग माझे अब्बा तिथंच हायत," सादिक उकये म्हणाला,
"पिरेयसच्या गोदीत. बोटीला रंग लावतात.
फोनवर सांगत होते, लिंबू आपल्यासारखंच आंबट."
वर्गाने मान डोलावली.
ग्रीस पटला.

डोंगर मधे आले म्हणून नगरं वेगळी झाली,
दर नगराचा देव वेगळा, कायदा वेगळा,
भांडण तेवढं सामाईक.
खालच्या आळीने वरच्या आळीकडे पाहिलं.

अथेन्सच्या चौकात जमून लोक मत द्यायचे.
बायकांना नव्हतं. गुलामांना नव्हतं. परक्यांना नव्हतं.
इथे मी खडू खाली ठेवला.
गावकी बसते तेव्हा शेवंतीची आई गोदूबाय
देवळाच्या पायरीवर असते.
आतलं सगळं बाहेर ऐकू येतं,
बाहेरचं काही आत जात नाही.
मी तर पायरीच्याही अलीकडे, शाळेच्या व्हरांड्यात.

रोम. रस्ते सरळसोट, दोन हजार वर्षं टिकलेले.
तळ्याच्या एसटीत रोज ओकणारी पोरं इतकी हसली
की शेजारच्या वर्गातून गुरव सर डोकावले.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने पिशवीतून काहीतरी काढलं.
आईला तिसऱ्या खणताना गाळात सापडलेलं,
तीन वर्षं जाळ्याला वजन म्हणून बांधलेलं.
भाजकी तांबूस माती, आत बारीक काळे कण,
आणि ओली असताना कुणीतरी अंगठा दाबला
तिथे एक खळगा.
"रांजनाचा कान हाय, बाई."

मला यातलं कळत नाही.
पुण्याला एकांना फोटो पाठवला, उत्तर नाही.
असेल कुणाची लोणच्याची बरणी, पणजीच्या काळातली.
तरी अंगठा ठेवून पाहिला खळग्यात,
माझा त्यात हरवला.
संध्याकाळी गोदूबायचा ठेवून पाहिला.
बसला. अगदी नखापर्यंत.

म्हणतात, ती गलबतं आषाढात निघायची तांबड्या समुद्रातून,
वारा पाठीवर घेऊन.
आपण नारळ देऊन मचवे लोटतो
त्याच्या पुढेमागे त्यांची शिडं किनाऱ्याला दिसायची.
दारूचे रांजण उतरायचे, कापड चढायचं,
आणि तिकडे रोममधे कुणी म्हातारा कुरकुरायचा
की बायकांच्या हौसेपायी सोनं चाललं पूर्वेला.
इकडे कुड्याच्या डोंगरात एका माळ्याने लेण्याला दान दिलं.
माळी.
किती गजरे लागले असतील एका खांबाला?
आणि ते विकत घेणारे कोण, कुठल्या भाषेत
घासाघीस करणारे?
हे पुस्तकात नाही. मीही विचारत नाही,
अभ्यासक्रम मागे पडलाय.

चाचणीत प्रश्न होता:
रोमन साम्राज्याचा ऱ्हास का झाला? चार गुण.
मार्गदर्शिका सांगते टोळ्यांच्या स्वाऱ्या, करांचा बोजा,
दुबळे सम्राट.
शेवंतीने लिहिलं:
"आई सांगते, आधी खाडीत पाणी गळ्याला लागायचं,
आता ओहोटीला गुडघ्यापर्यंत पण येत नाही.
गाळ भरला. गलबतं येईनात.
म्हणून रोम बुडालं."

लाल पेनचं टोपण काढून बराच वेळ बसले.
दोन दिले. मग खोडून तीन.

पाणी उतरत होतं. दारात गोदूबाय,
पोटऱ्यांपर्यंत चिखल, काखेत टोपली,
उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाली,
"बाई, त्यो कान द्या.
जालं तरंगतंय."