ढकलणं

शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं.
क्लाक्सविकमध्ये नोव्हेंबरात या वेळी अंधार असतो
आणि ऑफिसात मी, हीटर,
आणि सुन्वाने अर्धी टाकून दिलेली कॉफी.

बदल एका ओळीचा होता.
वारा सेकंदाला अठरा मीटरच्या वर गेला
की धक्क्यावरच्या पाटीवर: फेरी रद्द.
लिहिलं, तपासलं, ढकललं.

परवानगी नाही.

सात वर्षं या सर्व्हरची उष्टीखरकटी मी काढते
आणि हा मला विचारतो, कोण आपण?
मग आठवलं. किल्ली जुन्या लॅपटॉपमध्ये,
आणि जुन्या लॅपटॉपला मंगळवारी माझ्या लेकाने
माशाच्या सुपाने आंघोळ घातलेली.
नवी किल्ली घडवली. कुलपाशी तिची ओळख करून दिली.
पुन्हा ढकललं.

नाकारलं.
तिकडे असं काही काम आहे, तो म्हणाला,
जे तुमच्याकडे नाही.

इतक्या सभ्यपणे मला आजवर
कुणी अडाणी म्हटलं नव्हतं.
सुन्वा दोन वाजताच गेली, ती नाही.
मग उरतं एकच नाव, त्रोन्दुर.
सप्टेंबरात निवृत्त झाला. केक मीच आणला होता.
त्याचं खातं बंद करायचं कामही माझंच होतं.

एक शब्द आहे, ओळीच्या शेवटी जोडायचा.
तो जोडला की सर्व्हर हुज्जत घालत नाही,
तिकडचं पुसतो आणि आपलंच खरं धरतो.
टाइप केला. बोट एंटरवर.
घरी जायचं होतं, एवढंच कारण.

खोडला.
आधी तिकडचं ओढून घेतलं.

धडकलंच. नेमकी तीच ओळ.
वर माझे अठरा, खाली त्याचे सोळा,
मध्ये बरोबरीच्या चिन्हांची लांब रांग,
आणि तिच्या दोन्ही बाजूंना
पुरतं बरोबर असं काहीच नाही.

सोबत त्याचा निरोप, पहाटे तीन बावन्नचा:
दक्षिणेचा वारा असेल तर सोळालाच थांबवा.
लाट धक्क्याला वळसा घालून मागून येते.
उभा राहून पाहिलं. बूट अजून ओले आहेत.

दक्षिण माझ्या ओळीत नव्हतीच.
माझा वारा म्हणजे नुसता आकडा,
कुठूनही न येणारा.

टोकदार कंस पुसले. दोन्ही आकडे ठेवले:
दक्षिणेला सोळा, एरवी अठरा.
ढकललं.
गेलं.

खिडकीतून पाटी दिसते. विझली, उजळली.
पाच वीसची फेरी रद्द.
रांगेतल्या एका गाडीने मला, की देवाला, की वाऱ्याला
लांबलचक हॉर्न दिला
आणि ती वळली.

यादीत सगळ्यात वर अजून तेच काम:
त्रोन्दुरचं खातं बंद करणे.
तारीख बदलली. सोमवारवर ढकललं.
हे मात्र
पहिल्या झटक्यात गेलं.