शेऱ्याचा रकाना

इथं रात्रीचा दीड, तिकडं आठ.
फोन वाजला की मी आधी टाकीचा विचार करतो,
वॉल्व्ह फुटला का, कुणी शिव्या द्यायला उठलं का.
मग नाव दिसतं. शिवकन्या.
तिकडं तिला शीवा म्हणतात, अर्ध्यातच सोडतात.

स्कॉटलंडमधल्या विद्यापीठात तिचं पहिलं वर्ष,
म्हणजे तिथल्या पोरांचं नव्हे, बाहेरून आलेल्यांचं
वेगळं पहिलं वर्ष, वेगळी इमारत,
सूक्ष्मजीव आणि इंग्रजी एकाच दमात.
निभावलं तर थेट दुसऱ्या वर्षाला, सगळ्यांबरोबर.
मुखेडच्या स्टँडवर कुणी विचारलं तर सांगतो,
तुरटी फिरवून ठेवलीय हो,
गाळ बसला की टाकीत सोडतील.
"जंतू शिकायला एवढ्या लांब?
आपल्या गावात काय कमी हैत?"
हसतात. मीही हसतो.
अर्धी फी एका ट्रस्टची, अर्धी तिच्या मामाची,
जालन्यात सळयांच्या कारखान्यात कमावलेली.
हसायला फी लागत नाही.

मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक.
टीसीएल कालवणं, नमुने घेणं,
बोटभर बाटली खुणेपर्यंत भरून
दिवसभर उबेत ठेवणं.
काळी पडली तर पाणी वाईट, एवढंच शास्त्र.
थंडीत ऊब कुठून आणायची?
लहानपणी ती काखेत धरून शाळेत न्यायची,
हात न उचलता पाढे लिहायची.
"इथं त्यासाठी मशीन आहे बाबा, सदतीस डिग्री.
म्हणजे माझी काखच की."

आज मात्र हसली नाही.
प्रयोगाच्या रिपोर्टला शून्य.
"ताटलीवर एकही ठिपका उगवला नव्हता, बाबा.
पुस्तकात होते. मी पुस्तकातलेच लिहिले,
एकशे बेचाळीस."
मॅडम रागावल्या नाहीत म्हणे,
रिकामी ताटली उजेडात धरली
आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"मग तू काय म्हणालीस?"
"काहीच नाही. इंग्रजी आठवलंच नाही."

तिच्या मागं, सामाईक स्वयंपाकघरात,
कुणीतरी परक्या भाषेत खळखळून हसलं.
मी म्हणालो, जेव. झोप. स्वेटर घाल.
बाप जे म्हणतात ते सगळं म्हणालो.

ती नऊ वर्षांची होती.
अण्णांच्या बोअरची बाटली कोळशासारखी काळी,
आणि त्या वर्षी गावाला हिरवं कार्ड पाहिजे होतं.
चहा आला, बसायला खुर्ची आली,
एरवी मी पायरीवर बसायचो.
रजिस्टर मांडीवर घेतलं.
ती बाटली धरून शेजारी उभी,
"बाबा, काळी आहे की."
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, योग्य.
अक्षर फार सुंदर आलं होतं.
त्या उन्हाळ्यात खालच्या आळीत हगवण लागली.
कुणी मेलं नाही.
हे मी अजून मोजून मोजून सांगतो, स्वतःलाच.

पहाटे नळ सोडायला निघालो.
शाळेमागच्या तोटीवर बाटली भरली,
बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.
उद्या या वेळेपर्यंत कळेल.
तारीख टाकली, ठिकाण टाकलं,
रकाना सोडून दिला.

वेशीत अण्णांचा थोरला भेटला, आता तोच सरपंच.
"काका, यंदा बी हिरवंच ना?"

मी छातीवर हात ठेवून बघितला.
बाटली अजून गार होती.