थोडं पुढे

शोरूममधल्या पोराने आधी पांढरे हातमोजे चढवले,
मग ट्रेमधून ते काढलं.
मी हात पँटला पुसले. सातपूरचं कूलंट
नखांतून जात नाही, रिटायर झालो तरी.

अकरा वर्षं. आधी काचेबाहेरून,
मग कॅटलॉगात, मग पीएफच्या आकड्यात.
घरी बिस्किटांच्या डब्यांत एकोणतीस घड्याळं,
सगळी चावीची, सगळी दुसऱ्याच्या मनगटावरून उतरलेली.
हे पहिलंच, ज्याला कुणाचा घाम लागलेला नाही.

सुनंदाला फोनवर निम्मी किंमत सांगितली.
म्हणाली, "उरलेली निम्मी घरी येऊन सांगा."

कॉलेज रोडवरून भद्रकालीत चालत गेलो,
बाही खाली ओढून.
मुनीरभाईंच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं.
ते मागे स्टुलावर, कान गेलेले.
कंपनी विचारली नाही, किंमतही नाही.
उलटं केलं. पाठीच्या काचेतून
आतलं चाक श्वास घेतल्यासारखं हलत होतं.
मग केसच्या कडेला हलकेच दात टेकवले
आणि डोळे मिटले.

मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. त्यांना नाही कळली.

"थोडं पुढे पळतंय," म्हणाले.
"पळू दे."

कडेवर ओलसर ठिपका राहिला.
पुसायला रुमाल काढला,
परत खिशात घातला.