ताशी सहा

बॅनर सुरतेहून छापून आला, त्यावर समुद्र होता,
नारळाची झाडं, फेसाळ लाट,
आणि खाली ठळक: तापीकाठ अर्धमॅरेथॉन,
सारंगखेडा ते प्रकाशा.
कुणी काही बोललं नाही.
नदी तिकडेच जाते शेवटी,
समुद्रच थोडा लवकर आला.

माझं काम एवढंच: सगळ्यांत शेवटी जो असेल
त्याच्या मागे ॲम्ब्युलन्स ठेवायची.
दिवा चालू, भोंगा बंद.
डॉक्टर म्हणाले, कौतिक, आज घाई करायची नाही.
अठरा वर्षांत हे वाक्य
मला कुणी म्हणालं नव्हतं.

धडगावकडची पोरं
माझा चहा संपायच्या आत धुक्यात गेली.
पाठीवर टाचलेले आकडे तेवढे दिसले,
मग तेही नाही.

शेवटी निघाल्या रत्नप्रभा गिरासे,
तहसीलमधल्या, येत्या मार्चात रिटायर.
नंबर चारशे बारा. पंजाबी ड्रेसवर पांढरे बूट,
लेस मुलाने बांधलेली, दुहेरी गाठ.
तिसऱ्या किलोमीटरला वळल्या:
"तू पुढे जाय ना भाऊ,
तुनी गाडी दखी का माले मरन याद येस."
म्हटलं, ताई, ड्युटी आहे.
"मंग दिवा तरी बंद कर."
केला.

ताशी सहा.
काटा इतका खाली की मीटर बिघडलंय असं वाटावं.
या वेगात रस्ता दुसराच निघाला.
टेम्पोत पपया, वर्तमानपत्रात गुंडाळून
बाळंतघरातल्यासारख्या ओळीने निजवलेल्या.
बॅरेजमागचं पाणी एवढं रुंद
की पलीकडचं गाव म्हणजे नुसता धूर.
खांबावर पाणकावळा पंख उघडून,
वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा.
अठरा वर्षं हे सगळं माझ्या डाव्या खिडकीत होतं
आणि मी ऐकत होतो मागचा श्वास.

ही मोरी. इथे एक पोरगी झाली, टॉर्चच्या उजेडात.
तो निंब. तिथे एक म्हातारबा म्हणाला,
हळू घे रे, घाई नाही,
आणि खरंच, तिथून पुढे नव्हती.

नवव्या किलोमीटरला त्यांनी स्वेटर काढून
माझ्या खिडकीतून सीटवर टाकला,
न थांबता, न बघता,
खुंटीवर टाकावा तसा.

एक म्हातारी शेळी धरून उभी:
"कथा चालनी व माय? कोन लागेल शे मांगे?"
गिरासेताईंनी अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं.
दोघी हसल्या. शेळी दचकली.
मी पण हसलो, काच वर करून.

सतराव्या दगडावर त्या बसल्या.
पोटरीत गोळा. मी मीठ-लिंबाची बाटली दिली,
मागचं दार उघडून ठेवलं.
त्या दाराकडे बराच वेळ बघत राहिल्या.
"दोनदा चढले या दारातून. एकदा आई, एकदा हे.
दोन्ही वेळा परत येताना एस.टी. केली."
मला त्या आठवल्या नाहीत.
मी मागे बघत नाही, गाडी चालवतो.
हे सांगावं की नको, ठरेपर्यंत
त्या उठल्या होत्या.
दार मीच लावलं, हळू, आवाज न करता.

प्रकाशाला कमान सोडवून झाली होती.
एक पोरगा बॅनर गुंडाळत होता,
नारळ आत गेलेले, लाट अर्धी बाहेर.
मेडलं संपलेली. त्याने गळ्यातलं काढून दिलं.
"राहू दे," त्या म्हणाल्या, "केळं आहे का?"
केळं खात त्या थांबायच्या जागेवरून पुढेच गेल्या,
घाटाच्या पायऱ्या उतरून,
बुटांसकट पाण्यात.

तेवढ्यात लांबोळ्याहून फोन.
दिवा. भोंगा. तिसरा, चौथा गियर.
मागे एक बाई, नववा महिना, दात वाजत होते,
तिच्या सासूने विचारलं, हे पांघरू का?
आरशात तो स्वेटर. पहिल्यांदाच आरसा
मी मागच्या रस्त्यासाठी नाही, आत वळवला.
पांघरा, म्हटलं.
काटा ऐंशीवर होता.
डाव्या खिडकीत पाणी.