सातवी प्रत

त्या देशाचं नाव मी अजूनही घेत नाही.
शपथेच्या कागदावर सही आहे माझी,
आणि आता तर तो देशही त्या नावाचा राहिलेला नाही.

मे महिना. सिव्हिल लाइन्समधला सरकारी बंगला.
झिंगरू वाळ्याच्या ताट्यांवर बादलीनं पाणी मारायचा
आणि आत सहा देशांचे लोक
पंचेचाळीस डिग्रीत कोट घालून बसायचे.
नागपूरच का? साहेब म्हणाले, सगळ्यांपासून सारखंच लांब.
झिंगरू म्हणाला, "इथं कोनाले काई समजत नाही म्हून."

मी कुंदा हेडाऊ, कचेरीतून उसनी आणलेली टायपिस्ट,
मिनिटाला पासष्ट शब्द.

युद्ध संपून अडीच महिने झाले होते.
हरलेलं सरकार अजून सरकार होतं,
म्हणजे तीन पुरुष, एक बाई
आणि चौघांत मिळून एक सुटकेस.
त्यांनी जमिनी वाटल्या होत्या,
राजवाड्यात बाळंतिणींचा दवाखाना काढला होता,
भिंतीशी उभी करून माणसंही मारली होती.
मी सगळं टाइप केलं, एकाच फितीनं.

नऊ दिवस भांडण एका शब्दावर.
'राजीनामा' नको, ते म्हणाले, राजीनामा मालकाला देतात.
'हस्तांतर' नको, समोरचे म्हणाले,
चोरीचा माल हस्तांतरित होत नाही.
'माघार' कुणाच्या तरी सेनापतीला खुपला.
मधल्या देशाचा वकील, घामोळ्यांनी बेजार,
रोज सकाळी एक नवा शब्द आणायचा
भाजीवाल्यासारखा, वरून पाणी शिंपडून.
दुपारपर्यंत तो सुकायचा.
मी पुन्हा चढवायची सात कागद, सहा कार्बन.

सातवी प्रत त्यांची.
तसं कुणी ठरवलं नव्हतं.
वरची अध्यक्षांना, मग जिंकलेल्यांना, मग शेजाऱ्यांना,
वाटत वाटत तळाशी उरायची ती:
राखेच्या रंगाची, अक्षरांची पोटं बुजलेली.
त्यांचा मंत्री, पूर्वी लेथवर काम केलेला,
खिडकीच्या उजेडाला धरून वाचायचा.
तक्रार नाही. एकदाच दुभाष्याकरवी विचारलं,
बाई, बोटं जरा जोरात मारता येतील का?

रात्री गोळीबार चौकात घरी
बाबा खाटेवर खोकत बसलेले.
मिलमध्ये तीस वर्षं, साचे खातं, लाल बावटा.
"काय लिवलं व आज?"
सांगायची सोय नव्हती. मग तेच बोलायचे:
"आमच्या संपात बी असंच. बोलनीले बोलावलं
तं मालकाले कपात चहा, आमाले गिलासात.
सोमा नंदनवार म्हने, पयले कप, मंग बोलनं.
तीन दिवस कपावरच गेले, पाय."
"मग मिळाला कप?"
"भेटला ना.
मागन्या राहून गेल्या."

दहाव्या दिवशीही शब्द सापडला नाही.
तेव्हा ठरलं, तिथं चौदा ठोक्यांची जागा कोरी सोडायची,
ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत हातानं भरायची.
मला कागद उलटे वाटता आले असते.
नाही वाटले. नोकरी कायम व्हायची होती.
फक्त बोटं मारली, अशी मारली
की वरच्या प्रतीत पूर्णविरामांची भोकं पडली
आणि अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

सह्या झाल्या. त्यांच्यातल्या बाईनं केली नाही.
ती व्हरांड्यात जाऊन झिंगरूच्या बादलीत
मनगटं बुडवून उभी राहिली.
मंत्र्यानं कोऱ्या जागेत काय लिहिलं
ते मला वाचता आलं नाही. लांब होतं,
चौदा ठोक्यांत मावलं नाही, समासात गेलं.

श्रावणात पेपरात तिसऱ्या पानावर चार ओळी:
नवं सरकार, जुन्यांपैकी दोघांचा पत्ता नाही.
मी वाचून दाखवलं. कोणता देश, बाबांनी विचारलं नाही.
खोकला ओसरल्यावर म्हणाले,
"चहा कशात होता व तिथं?"

शपथ मोडली मी, तेवढीच, एकदाच.
"सगळ्यांना कपात, बाबा. बशीसकट."

बराच वेळ ते वर पंख्याकडे पाहत होते.
"मंग गेले ते," म्हणाले,
आणि कूस बदलली.