धोक्याची तारीख

पगार पंधराला होतो, नाहीतर तीसला.
त्याआधीच्या तीन-चार दिवसांना
आमच्या मनिलात धोक्याची तारीख म्हणतात.
माझा धंदा त्या दिवसांवर चालतो.

कुबाओच्या पुलाखाली, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीला खेटून
माझं पातेलं. लुगाव.
म्हणजे पेजच, आलं घालून आटवलेली,
वर तळलेला लसूण, कांद्याची पात,
आणि पिळायला कालामान्सी, लिंबाचं धाकटं भावंड,
फुकट, मागाल तितकी.
(मागाल तितकी म्हणजे चार. पाचवीला मी नुसतं बघते.)
साधी पेज पंचवीस पेसो.
अंड्याचे पंधरा वेगळे.

जोडपी मला अंड्यावरून कळतात.
नवी असली की दोन वाट्या, दोन अंडी,
आणि मुलगा पाकीट उघडताना किंचित पाठ वळवतो.
मुरलेली एकच मोठी वाटी घेतात,
एक अंडं, दोन चमचे,
आणि अंडं मधे ठेवून
दोन काठांनी खात खात त्याच्यापर्यंत येतात.

चेरिलिन आणि रोडेल तशी. तीन वर्षं.
तिची रात्रपाळी दहाला, कॉल सेंटरमध्ये.
त्याआधी दोन तास मॉलमध्ये हिंडायची,
सोफ्यांच्या दुकानात बसून बघायची
रखवालदार खाकरेपर्यंत.
तिथला एसी रोडेल दुरुस्त करतो.
"हा गारवा अर्धा आपला आहे," म्हणायचा,
आणि माझ्याकडे यायची तेव्हा
दोघांचे हात खरंच गार असायचे,
वाटीभोवती धरलेले, चारही.

मी तरी काय निराळं केलं?
नेस्तोर जीपनी चालवायचा.
सिनेमाला पैसे नाहीत, तर मी त्याच्या शेजारी बसायचे,
मागून हातोहात आलेली चिल्लर मोजायचे,
त्याच्या तळव्यावर ठेवायचे.
एका फेरीत चाळीस वेळा हात धरला असेल,
आणि मालकाचा हिशोब चोख.

परवा सव्वीस तारीख. भर धोक्यात
दोघं दोन दिशांनी आली.
दोन वाट्या. दोन अंडी.
"काय, बढती वाटतं?" मी म्हटलं.
जीभ माझी. लसूण ढवळत राहिले मग.

तिने अंडं आधी खाल्लं.
तीन वर्षांत पहिल्यांदा, आधी.
त्याने पेज संपवली, अंड्याला वळसा घालून.
बोलत होती, पण पुलावरून गाडी गेली
आणि मला ऐकू आलं ते एवढंच,
की इस्त्री तिची, पंखा त्याचा.
भांडण नव्हतं. भांडण असतं तर
मी फुकटची एक वाटी पुढे सरकवली असती,
तेवढा अनुभव आहे.

तिने शंभराची नोट दिली, आपल्यापुरती.
मी साठ परत केले
तर सवयीने हात त्याने पुढे केला.
(चिल्लरीचा बटवा त्याच्याकडे असायचा.)
मग तो हात त्याने डोक्यावरून फिरवला,
जणू त्यासाठीच उचलला होता.

त्याचे चाळीस मी घेतले. अंड्याचेही.
कुणी म्हणेल, सोडायचे होतेस.
अंडं मलाही विकतच मिळतं.

वाटी उचलली तेव्हा ते तळाशी तसंच,
गुळगुळीत, जरासं लसूण लागलेलं.
पातेल्यात परत टाकता येत नाही,
आणि पैसे दिलेली वस्तू फेकायची कशी?
उभ्यानेच मीठ लावलं,
वर कालामान्सी पिळली, पाचवी धरून,
आणि अख्खं तोंडात.

तेवढ्यात दोघं आली, कॉलेजची,
एकच छत्री, तीही जाहिरातीत मिळालेली.
मुलीने हळूच विचारलं, अंडं केवढ्याला.
"पंधरा," मी म्हटलं, पण तोंड भरलेलं,
तिला पन्नास ऐकू गेलं असावं.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि चिल्लर पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.